दोनशे रुपयांचे म्हातारपण आणि आमची निवेदने

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, सातपुड्याच्या पायथ्याला संग्रामपूर हा तालुका आहे. वरवट बकाल, पातुर्डा, बावनबीर, सोनाळा, टुनकी ही त्यातली मोठी गावे. कापूस, सोयाबीन, तूर आणि सोनाळ्याकडे संत्रा, एवढ्यावर तालुका जगतो. ज्यांच्याकडे शेती नाही ते निंदण, वेचणी, फवारणी करून जगतात आणि अंगात जोर असेपर्यंतच जगतात. जोर संपला की त्यांची वाट तहसील कार्यालयाकडे वळते. तिथे त्यांचे नाव बदलते. कालपर्यंतचा मजूर ‘निराधार’ होतो, ‘लाभार्थी’ होतो. अनुदान दोन-तीन महिने रखडले की एखादी संघटना तहसीलदारांना निवेदन देते, निवेदन देतानाचा फोटो छापून येतो आणि पुढच्या वेळी अनुदान रखडेपर्यंत सगळे शांत होते. हे केवळ संग्रामपूरला होते असे नाही. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक तालुक्यात हाच विधी चालतो आणि त्यात आंबेडकरी कार्यकर्ते पुढे असतात.

आमचा प्रश्न साधा आहे. तहसीलदाराच्या हातात यातले काय असते? अर्ज तपासणे, यादी करणे, ती तालुका समितीपुढे ठेवणे. म्हाताऱ्याला महिन्याला किती रुपये द्यायचे, कोणत्या वयापासून द्यायचे, किती उत्पन्नापर्यंत द्यायचे आणि त्यासाठी तिजोरीतून किती रक्कम काढायची, यातली एकही गोष्ट तहसीलदार ठरवत नाही. ती मुंबईत आणि दिल्लीत ठरते. विधिमंडळात आणि संसदेत अर्थसंकल्प मंजूर होतो तेव्हा ठरते. म्हणजे आमचे निवेदन वर्षानुवर्षे चुकीच्या पत्त्यावर जात आहे. ज्याने ते स्वीकारले त्याला काही देता येत नाही आणि ज्याला देता येते त्याला आम्ही गाठत नाही.

हा पैसा येतो कुठून, हे एकदा नीट समजून घेऊ. म्हाताऱ्याच्या खात्यावर पडणाऱ्या रकमेला तीन दारे आहेत. पहिले दार दिल्लीच्या ग्रामविकास मंत्रालयाचे. तिथून राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाखाली इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन येते. दुसरे दार मंत्रालयातल्या सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाचे. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना या त्या विभागाच्या. तिसरे दार महसूल खात्याचे, म्हणजे तहसीलचे. तिथे फक्त अर्ज तपासले जातात आणि याद्या होतात. आमची सगळी गर्दी या तिसऱ्या दाराशी आहे. पहिल्या दोन दारांसमोर शुकशुकाट आहे.

पहिल्या दाराचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने वृद्धांसाठी योजना सुरू केली तेव्हा महिन्याला ७५ रुपये दिले. २००७ मध्ये तिला इंदिराजींचे नाव मिळाले आणि रक्कम २०० रुपये होती. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० करण्यात आली आणि ८० वर्षांवरील वृद्धांना ५०० रुपये देण्याचे ठरले. त्यानंतर काँग्रेस गेली, भाजप आली, तीन लोकसभा निवडणुका झाल्या, नोटाबंदी झाली, जीएसटी आला. दोनशे रुपये मात्र दोनशेच राहिले. दिवसाला सहा रुपये सहासष्ट पैसे. संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीने ही रक्कम वाढवा म्हणून वारंवार शिफारस केली. समितीत सर्व पक्षांचे खासदार असतात, म्हणजे खासदारांनीच खासदारांना सांगितले आणि खासदारांनीच ते ऐकले नाही. २०२४-२५ आणि २०२५-२६ अशी ओळीने दोन वर्षे या संपूर्ण कार्यक्रमासाठी ९,६५२ कोटी रुपयेच ठेवले गेले. महागाई वाढते, म्हाताऱ्यांची संख्या वाढते, आणि तरतूद जागची हलत नाही, याचा अर्थ प्रत्यक्षात ती दरवर्षी कापली जाते.

हेच खासदार स्वतःच्या म्हातारपणाबाबत किती जागरूक आहेत तेही पाहा. २०१८ मध्ये कायदा बदलून त्यांनी आपले वेतन आणि निवृत्तिवेतन महागाईच्या निर्देशांकाशी जोडून घेतले. दर पाच वर्षांनी वाढ आपोआप. कोणी मोर्चा काढायला नको, निवेदन द्यायला नको, उपोषणाला बसायला नको. त्याप्रमाणे मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि माजी खासदाराचे निवृत्तिवेतन २५,००० वरून ३१,००० झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून मागील फरकासह. महाराष्ट्रात २०१६ मध्ये माजी आमदाराचे निवृत्तिवेतन ५०,००० रुपये करण्यात आले. एका माजी आमदाराच्या महिन्याच्या पेन्शनमध्ये केंद्राचे दोनशे रुपये २५० म्हाताऱ्यांना देता येतात. लोकप्रतिनिधींना पेन्शन मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. दादासाहेब गायकवाडांसारखे फाटके लोकही कायदेमंडळात गेले आणि त्यांच्यासारख्यांना उतारवयात आधार हवाच. पण महागाई फक्त माजी आमदाराच्या घरात शिरते आणि पातुर्ड्याच्या बौद्धवाड्यात शिरत नाही, हे कोणते अर्थशास्त्र?

दुसऱ्या दाराकडे येऊ. महाराष्ट्राने १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना सुरू केली. ती केंद्राच्या योजनेपेक्षा पंधरा वर्षे जुनी आहे, एवढे श्रेय या राज्याला दिले पाहिजे. रक्कम ६०० वरून १,००० आणि जुलै २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झाली. केंद्राचे दोनशे असतील तर राज्य वरचे तेराशे घालते. म्हणजे १,५०० रुपयांचा जो गवगवा होतो त्यात दिल्लीचा वाटा दोनशेचाच. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने वृद्धांचे निवृत्तिवेतन १,५०० वरून २,१०० करण्याचे वचन दिले. लाडक्या बहिणींच्या २,१०० रुपयांची चर्चा पुढे प्रत्येक चावडीवर झाली. म्हाताऱ्यांच्या २,१०० ची आठवण मात्र कोणी काढली नाही, विरोधकांनीही नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ती वाढ आली नाही तेव्हा सभागृहात गदारोळ झाला नाही. बहिणींच्या मागे मतांची मोजदाद होती. म्हाताऱ्यांच्या मागे कोणी नव्हते.

आता उत्पन्नाची अट पाहा. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. जुलै २०२३ मध्ये रक्कम वाढली तेव्हाही ही मर्यादा हलली नाही. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला ५७ रुपये. ५७ रुपयांत एक कुटुंब! रोजगार हमीवर एक माणूस शंभर दिवस गेला तरी कुटुंब या मर्यादेच्या वर जाते. मग तलाठ्याकडून २१,००० च्या आतला दाखला काढावा लागतो. तो सगळ्यांना ठाऊक असलेला खोटा दाखला असतो आणि त्या खोट्यावरच दलालाचे घर चालते. सरकारने गरिबाला खोटे बोलायला लावायचे आणि मग पडताळणीत पकडून नाव कापायचे, असा हा उद्योग आहे. त्याच राज्यात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. ६५ वर्षांवरील वृद्धांना चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३,००० रुपये देणाऱ्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची मर्यादा दोन लाख आहे.

याचा परिणाम कोणावर होतो? टुनकीच्या एखाद्या मजूर बाईचा विचार करा. तिचे कुटुंब वर्षाला साठ हजार कमावते. चौसष्टाव्या वर्षी ती सरकारची लाडकी बहीण आहे आणि तिला १,५०० मिळतात. लाडक्या बहिणीचे वय मात्र ६५ ला संपते. पासष्ट पूर्ण झाले की ती त्या यादीतून बाहेर पडते आणि श्रावणबाळच्या दारात येते. तिथे तिला सांगितले जाते की तुझे उत्पन्न २१,००० च्या वर आहे, तू गरीब नाहीस. एका वाढदिवसाने ती गरिबीतून श्रीमंतीत जाते! तिची कंबर वाकली, डोळ्यांना दिसेनासे झाले, वेचणीला कोणी बोलवत नाही, नेमक्या त्याच वर्षी सरकार तिचा हात सोडते. ही कोणा कारकुनाची चूक नाही. दोन योजना दोन वेगळ्या हिशेबांनी बनवल्या गेल्या. एक मतांच्या हिशेबाने, दुसरी उपकाराच्या.

उपकार हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. अर्ज मंजूर करणारी जी तालुका समिती असते तिचा अध्यक्ष अशासकीय असतो, म्हणजे सत्ताधाऱ्यांचा माणूस. पालकमंत्र्यांच्या मर्जीतला, आमदाराच्या गोटातला. कार्यकर्त्याला काही तरी पद द्यायचे तर निराधार समिती द्या, अशी पद्धत पडली आहे. मग म्हातारी ज्याच्या हाताने मंजुरीपत्र घेते त्याचाच झेंडा तिला लक्षात राहतो. भारतीय संविधानाच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता या प्रसंगी शासकीय साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार करावी, असे म्हटले आहे. तिथे शब्द हक्क असा आहे. मार्गदर्शक तत्त्वांना न्यायालयाचे बळ नाही हा आक्षेप घेतला गेला तेव्हा बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्याचे उत्तर दिले होते. न्यायालयात नाही तरी निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे सत्ताधाऱ्याला या तत्त्वांचा जाब द्यावा लागेल, असा त्याचा आशय होता. प्रश्न असा की आम्ही मतदार म्हणून ४१ व्या कलमाचा जाब कधी, कोणाला विचारला? समाजमंदिराचा विचारला, पुतळ्याच्या चबुतऱ्याचा विचारला, कमानीचा विचारला. म्हाताऱ्यांचा विचारला नाही.

जाब कसा विचारतात ते शिकायला दूर जायला नको. बुलढाणा शहरातच त्याचा धडा आहे. ईपीएस-९५ पेन्शनधारकांची राष्ट्रीय संघर्ष समिती याच जिल्ह्यातून चालते. कमांडर अशोक राऊत तिचे नेतृत्व करतात. एसटी, सहकारी संस्था, कारखाने, महामंडळे अशा ठिकाणी हयात घालवून निवृत्त झालेले हे लोक. भविष्य निर्वाह निधीच्या या योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे. त्यांची मागणी ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नीला मोफत वैद्यकीय उपचार अशी. डिसेंबर २०१८ पासून बुलढाण्यात त्यांचे साखळी उपोषण वर्षानुवर्षे चालले. पण ते उपोषणावर थांबले नाहीत. खासदारांच्या दारात गेले, दिल्लीत जंतरमंतरवर बसले, श्रममंत्र्यांना भेटले आणि मार्च २०२० मध्ये खासदार हेमा मालिनी यांच्या मध्यस्थीने थेट पंतप्रधानांना भेटले. त्यांच्या हातात कागद होता. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच या पेन्शनरांना किमान ३,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. होय, तेच कोश्यारी, जे २०१९ ते २०२३ महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि ज्यांनी सावित्रीमाई-जोतिरावांविषयी अनुदार उद्गार काढले. त्यांच्या अहवालाचा आधार घेऊन लढणारे पेन्शनर आणि राजभवनात बसलेले तेच अहवालकर्ते, असा योग या राज्याने पाहिला.

या लढ्याला यश आले का? २०२५ संपेपर्यंत किमान पेन्शन एक हजारच राहिली होती. पण आज एकही खासदार असा नाही की ज्याला ईपीएस-९५ हा शब्द माहीत नाही. संसदेत प्रश्न विचारले जातात, मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. त्यांना हे का जमले? कारण त्यांच्याकडे पीएफ नंबर आहे, मालकाचे नाव आहे, सेवेची वर्षे कागदावर आहेत. पन्नास वर्षे दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या सालदाराकडे यातले काय आहे? त्याचा मालक कोण, एक की वीस? त्याचा सेवाकाळ कोणत्या दप्तरात लिहिला आहे? त्याच्या बायकोने किती क्विंटल कापूस वेचला याची पावती कोणाकडे आहे? संघटित क्षेत्रातला म्हातारा हजार रुपयांसाठी भांडतो तेव्हा त्याला पेन्शनर म्हणतात. सालदार मागतो तेव्हा त्याला निराधार म्हणतात. दोघांनीही हाडे झिजवली. फरक कागदाचा आहे, आणि कागद कोणाकडे असतो व कोणाकडे नसतो हे या देशात जातीने ठरवले आहे.

संग्रामपुरात याला आणखी एक पदर आहे, आणि तो फार वाईट आहे. हा तालुका खारपाणपट्ट्यात येतो. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या कित्येक गावांचे भूजल क्षारांनी भरलेले आहे. किडनीच्या आजाराने या पट्ट्यात माणसे गेली, कमावत्या वयाची गेली. वान धरणाच्या पाण्यावर १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली. पण ज्यांच्या शरीरात वर्षानुवर्षे खारे पाणी गेले त्यांना ती मागे जाऊन वाचवू शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस गळू लागले तेव्हा देशभरचे कॅमेरे आले, आयसीएमआरचे पथक आले. यावे, आलेच पाहिजे. किडनीने कर्ता मुलगा गेलेल्या घरात म्हातारा-म्हातारीच उरतात, त्यांच्यासाठी मात्र कॅमेरा येत नाही. शहरातले पंडित सांगतात की भारतात कुटुंब हाच वृद्धांचा विमा आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याचाही सगळा भर मुलाकडून पोटगी वसूल करण्यावर आहे. ज्याचा मुलगा गेला, किंवा पुण्यात-सुरतेत हमाली करून स्वतःचेच पोट भरू शकत नाही, त्याने कोणावर दावा ठोकायचा? त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्याने टप्प्याटप्प्याने उभारावा, असेही लिहिले आहे. मुलावरचे कलम वापरले जाते. सरकारवरचे कलम पुस्तकात राहते.

आता समाजाच्या हक्काच्या पैशाकडे वळू, कारण इथे आपल्या घरातच चोरी झाली आहे. निराधार आणि श्रावणबाळ योजनांचा निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली येतो: सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना, आदिवासी उपयोजना. म्हणजे बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्याचे अनुदान ज्या विभागाच्या, ज्या उपयोजनेच्या पेटीतून येते, त्याच पेटीत मे २०२५ मध्ये हात घातला गेला. लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. त्याच वर्षी पुढच्या एका हप्त्यासाठी ४१० कोटी ३० लाखांचा तोच आकडा पुन्हा दिसला. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः जाहीर नाराजी व्यक्त केली, खाते बंदच करून टाका असे ते उद्वेगाने म्हणाले, आणि नंतर गप्प झाले.

आम्ही हिशेब केला. १,५०० रुपयांप्रमाणे एका वृद्धाला वर्षाला १८,००० लागतात. ४१० कोटी ३० लाखांत सुमारे २ लाख २८ हजार वृद्धांचे वर्षभराचे अनुदान होते. आणि वचन दिलेली ६०० रुपयांची वाढ द्यायची म्हटली तर याच एका हप्त्याच्या रकमेत सुमारे ५ लाख ७० हजार वृद्धांना ती वर्षभर देता आली असती. सरकार म्हणते, लाभार्थी बहिणींत अनुसूचित जातीच्या बहिणीही आहेत. आहेत, आणि त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. आमच्या आयाबहिणी त्यात आहेत आणि त्यांच्या हातात स्वतःचा पैसा येणे आम्ही छोटी गोष्ट मानत नाही. पण ज्या योजनेत सगळ्या जातींच्या बहिणी आहेत, तिथे इतरांचा पैसा सर्वसाधारण तिजोरीतून द्यायचा आणि आमचीचा उपयोजनेतून, याला काय म्हणावे? उपयोजना ही सर्वसाधारण योजनांच्या वर जादा म्हणून १९७९-८० पासून सुरू झाली. ती आमच्याच सामान्य हक्काचे बिल भरण्यासाठी नव्हती.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये उपयोजनेचा पैसा राखण्यासाठी कायदे केले. महाराष्ट्रात हा पैसा वळवला गेला तेव्हा अडवायला तसा कायदा नव्हता. फुले-शाहू-आंबेडकरांच्या म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात! कायदा झाला म्हणजे सगळे सुरळीत होते असेही नाही. कर्नाटकच्या कायद्यात ‘७ ड’ नावाची पळवाट होती, ती २०२३ मध्ये काढली, तरी तिथल्या काँग्रेस सरकारने आपल्या हमी योजनांना उपयोजनेचा पैसा लावलाच. पण तिथे कायदा दाखवून भांडता येते. इथे आम्ही कशाच्या आधारे भांडायचे? विधानसभेत अनुसूचित जातींसाठी २९ आणि जमातींसाठी २५ राखीव जागा आहेत. या ५४ जणांनी पक्षाचा पट्टा बाजूला ठेवून एक दिवस सभागृह अडवले असते तर तो पैसा हलला नसता. पुणे कराराने आम्हाला कसले प्रतिनिधी दिले, हे दर अर्थसंकल्पात नव्याने कळते.

कायदेमंडळाला वेढा घालून मागण्याची परंपरा आमच्याकडे नाही काय? बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. आत विधेयक, बाहेर मोर्चा. दोन्ही एकाच वेळी, एकाच मागणीसाठी. दादासाहेबांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा लढा संसदेपर्यंत नेला, लाखो लोक तुरुंगात गेले. जमिनीबरोबर किमान वेतनाच्या अंमलबजावणीचीही त्यात मागणी होती. त्या वेळी जमीन मिळाली असती तर तेव्हाचे तरुण सत्याग्रही पुढे म्हातारपणी तहसीलच्या पायरीवर बसले नसते. आम्ही आज बाहेरचा मोर्चा ठेवला आहे, आतले विधेयक सोडले आहे.

पैसा नाही, असे उत्तर येईल. या राज्यात असंघटितांसाठी पैसा कसा उभारला गेला याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेऊन त्याला भविष्य निर्वाह निधी दिला. ज्याला कायमचा मालक नव्हता त्यालाही. रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापलेला तो कर खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी राखून ठेवला गेला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी जी पोरे होती ती आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या कामासाठी राखीव कर बसू शकतो तर त्यांच्या वार्धक्यासाठी का बसू शकत नाही? बाबा आढाव, अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने २०१२ मध्ये दिल्लीत धरणे धरून मागणी केली होती की किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन प्रत्येक असंघटित वृद्धाला द्यावी. हमाल पंचायतीच्या अनुभवातून आलेली ती मागणी होती. आंबेडकरी पक्षांनी ती आपली म्हणून उचलली नाही, हे आम्हाला खटकते.

आणि उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय काही देता येत नाही, हेही खोटे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, गरीब असो की श्रीमंत, केंद्राने आयुष्मानचा पाच लाखांचा आरोग्य विमा दिला. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील कोणालाही एसटीत तिकीट लागत नाही. तिथे तलाठ्याचा दाखला मागत नाहीत, फक्त वय पाहतात. कारण त्या सवलतींच्या मागे शहरांतली ज्येष्ठ नागरिकांची संघटित ताकद आहे. शेजारच्या नेपाळकडे पाहा. आपण ७५ रुपयांची योजना आणली त्याच १९९५ साली त्या गरीब देशाने वृद्ध भत्ता सुरू केला, आणि तो वयावर दिला. पुढे २००८ पासून तिथे दलितांसाठी भत्त्याचे वय ६० ठेवले गेले, इतरांसाठी त्याहून जास्त. दलिताचे शरीर लवकर झिजते हे तिथल्या राज्यकर्त्यांनी कायद्यात मान्य केले. आमच्याकडे केंद्राची अट ६० ची असताना श्रावणबाळसाठी पासष्टीची वाट पाहायला लावतात. मधल्या पाच वर्षांत किती जण जातात?

तेव्हा मागण्या कोणाकडे करायच्या ते स्पष्ट आहे. दोनशे रुपयांचा प्रश्न बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव यांच्याकडे न्यायचा आहे. ते २०२४ मध्ये सलग चौथ्यांदा निवडून गेले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. २१,००० ची मर्यादा, वय ६० आणि २,१०० चे वचन हा प्रश्न जळगाव जामोद मतदारसंघाचे आमदार डॉ. संजय कुटे यांच्याकडे न्यायचा आहे, कारण संग्रामपूर त्यांच्या मतदारसंघात येते आणि वचन त्यांच्या पक्षाचे आहे. उपयोजनेच्या कायद्याचा प्रश्न त्या २९ जणांकडे. नेताना मोघम ‘न्याय द्या’ असे लिहू नये. लेखाशीर्ष लिहावे, रक्कम लिहावी, तारांकित प्रश्न विचारा, लक्षवेधी लावा, अर्थसंकल्पात नाही तर पुरवणी मागण्यांत तरतूद आणा, असे लिहावे. आणि ते अधिवेशनाच्या दोन महिने आधी द्यावे. अधिवेशन सुरू असताना टेकडी रोडवर किंवा आझाद मैदानावर दिलेले निवेदन मंत्र्याच्या स्वीय सहायकाच्या पिशवीत जाते.

विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, हे आमच्या कित्येक कार्यकर्त्यांना माहीत नाही. राज्यसभेच्या अशाच समितीने ईपीएसवाल्यांना तो ३,००० चा अहवाल दिला, ज्यावर त्यांनी दहा वर्षे लढाई केली. संग्रामपूरच्या गावागावांतून, बौद्धवाड्यांतून, कोरकू आणि भिल वस्त्यांतून, मुस्लिम मोहल्ल्यांतून साठी ओलांडलेल्यांच्या अंगठ्यांचा एक अर्ज तयार व्हावा. त्यात प्रत्येकाचे वय, शेवटची मजुरी आणि अनुदान कधीपासून बंद आहे ते असावे. असा अर्ज सभागृहात मांडायला एक सदस्य लागतो. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते, संग्रामपूरहून तिथे जाणे मुंबईपेक्षा सोपे आहे. विदर्भातला कोणता आमदार त्या अर्जावर सही करतो आणि कोणता टाळतो, त्यांची नावे आम्ही याच पानावर छापू.